चौबोटी सरड्याची कागदपत्रे

चार्ल्स डार्विनच्या ‘डिसेंट ऑफ मॅन’ या 1871 च्या ग्रंथात मासे, बेडूक आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवरचे एक प्रकरण आहे. माणसाच्या वंशावळीसाठी ग्रंथ उघडणारे ते बहुधा चाळून पुढे जातात. त्या प्रकरणात एका हिंदुस्थानी सरड्याचे छोटेसे चित्र आहे. सरडा नर आहे आणि गळ्याखालचा पंखा त्याने पुरता उघडला आहे. चित्राखाली नाव छापले आहे सिताना मायनर. चित्र डॉ. गुंथर यांच्या पुस्तकातून घेतल्याचेही तिथेच नमूद आहे. मजकुरात डार्विन सांगतो त्याचा सारांश असा: या प्रजातीत फक्त नराला गळ्याची ही पिशवी असते, ती पंख्यासारखी मिटते, तिचा रंग निळा, काळा आणि तांबडा असतो, ही शोभा विणीच्या हंगामापुरतीच दिसते, आणि मादीच्या गळ्याला तिचा मागमूसही नसतो.

हे वर्णन एखाद्या सातारकराला वाचून दाखवा. तो म्हणेल, हा तर आमच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा! मे महिन्यात दगडावर चढून निळा-काळा-तांबडा पंखा फडकवणारे सरडे तिथे आजही दिसतात. पण मग चित्राखालचे नाव बसत नाही. ‘मायनर’ म्हणजे धाकटा. हे नाव लहान चणीच्या सरड्याला दिले होते आणि पठारावरचा सरडा या गोतावळ्यातल्या थोरल्यांपैकी आहे. शिवाय दक्षिणेकडच्या बऱ्याच लहान भाऊबंदांचा पंखा पांढुरका असतो, त्यात निळी रेघ आणि असलेच तर थोडे तांबूस शिंतोडे. म्हणजे नाव एकाचे आणि रंग दुसऱ्याचे, असे झाले आहे का?

डार्विनची तळटीप सरळ आहे. माहिती आल्बर्ट गुंथरच्या 1864 च्या ‘रेप्टाइल्स ऑफ ब्रिटिश इंडिया’मधून घेतली, असे सांगून तो पृष्ठांकही देतो. म्हणून हा गोंधळ डार्विनच्या पदरात टाकता येत नाही. त्याने साक्षीदाराचे म्हणणे जसेच्या तसे पुढे पाठवले. साक्षीदाराने काय पाहिले होते ते तपासायचे, तर कागद मागे मागे चाळत जावे लागते. त्याआधी प्राण्याची ओळख करून देतो. नाहीतर पुढची सगळी नावे हवेत राहतील.

शेपूट सोडून मोजला तर हा सरडा दीड ते तीन इंचांचा. शेपूट अंगाच्या दीडपट ते दुप्पट. पाठ मातकट तपकिरी, कण्यावरून चौकटच्या पत्त्यासारख्या गडद ठिपक्यांची रांग, दोन्ही बाजूंना कमीजास्त उठून दिसणारा फिकट पट्टा. घाबरला की पुढचे पाय उचलून मागच्या दोन पायांवर पळतो. बघणाऱ्याला आधी हसू येते आणि मग कळते की सरडा दिसेनासा झाला आहे. आपल्या म्हणीतला सरडा हा नव्हे. ज्याची धाव कुंपणापर्यंत तो बागेतला, झुडपावरचा सरडा. हा राहतो उघड्यावर: माळ, खडकाळ पठार, किनाऱ्याची वाळू, विरळ गवत. दोघांत फरक करायचा तर रंगाकडे बघू नये, मागच्या पायाची बोटे मोजावीत. बागेतल्याला पाच, याला चार. अख्ख्या कुळकथेत दोनशे वर्षे न हललेली खूण हीच एक.

आता कागद.

पहिला कागद पॅरिसचा, 1829 चा. जॉर्ज क्युव्हिएच्या ‘ल रेन्य आनिमाल’ या ग्रंथाची दुसरी आवृत्ती. सिताना ही प्रजाती आणि पाँडिचेरीवरून घेतलेले ‘पाँटिसेरियाना’ हे जातीचे नाव पहिल्यांदा इथे येते. फ्रेंच वसाहतीतला प्राणी फ्रेंच राजधानीत पोहोचला, यात नवल नाही. वर्णन चार-दोन वाक्यांचे आहे. दात अगामा सरड्यांसारखे, खवल्यांवर कणा, मांडीवर रंध्रे नाहीत आणि गळ्याखाली बैलाच्या पोळीसारखी प्रचंड झालर. ती पोटाच्या मध्याखाली पोहोचते आणि तिची उंची प्राण्याच्या उंचीच्या दुपटीहून जास्त आहे. एकच जाती ठाऊक, लहान, पिंगट, पाठीवर मोठ्या तपकिरी चौकटी.

या वर्णनात पाठीचा रंग आहे, पंख्याचा नाही. क्युव्हिएसमोर मेलेला प्राणी होता आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या सरड्याचे लाल-पिवळे रंग बहुधा सर्वांत आधी जातात. काळा टिकतो, निळा काळवंडतो. आकार, खवले, दात, बोटे मात्र शाबूत राहतात. त्यामुळे जे बाटलीत टिकते तेवढेच ओळखीचे लक्षण ठरते, आणि सरडा समोरच्या सरड्याला जे दाखवतो ते कागदावर येतच नाही. ‘पोटाच्या मध्यापर्यंत’ हे शब्दही जपून वाचायला हवेत. मध्य कुठून कुठे मोजायचा? पंखा ताणलेला की मिटलेला? पुढे एका माणसाने याच लक्षणावर दोन प्रकार वेगळे करायचा प्रयत्न केला, तेव्हा क्युव्हिएच्या मूळ वर्णनातच ते लक्षण मोघम पडून होते.

दुसरा कागद गुंथरचा. गुंथर मूळचा जर्मन, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारा, मासे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाटल्यांत आयुष्य काढलेला. 1864 च्या ग्रंथात त्याने सिताना प्रजातीत दोन जाती मांडल्या. पाँटिसेरियाना होतीच, तिच्याखेरीज लहान चणीची मायनर. आज ‘मायनर’ हे नाव पाँटिसेरियानाचेच दुसरे नाव धरले जाते. म्हणजे गुंथरला दोन निरनिराळे सरडे दिसले ते खरे, पण नव्या नावाची चिठ्ठी त्याने जुन्याच सरड्यावर चिकटवली. लहान सरडा क्युव्हिएने आधीच नोंदवला होता. नवे नाव हवे होते ते मोठ्याला.

आणि ते रंग? रंग हंगामी असतात, हे गुंथरला बाटलीतून कळणे शक्य नव्हते. बाटलीत हंगाम दिसत नाही. जिवंत प्राणी वर्षभर डोळ्यांखाली असलेल्या कुणीतरी हिंदुस्थानातून ते कळवलेले असणार, हा निष्कर्ष मला टाळता येत नाही. कळवणाऱ्याने आपल्या मुलखातला सरडा पाहून लिहिले आणि संग्रहालयात ते वाक्य शेजारच्या बाटलीला लागू झाले, असे घडले असू शकते. पण दक्षिणेकडच्या काही जातींच्या पंख्यावरही निळे-तांबडे थोडेफार असते, म्हणून निव्वळ रंगांच्या नावांवरून डार्विनचा सरडा चाळकेवाडीचा ठरवणे हा पुरावा ताणणे होईल. मी तिथवर जाणार नाही. ज्या काळात हा मजकूर छापला गेला त्या काळात दोन्ही सरडे एकाच छत्रीखाली उभे होते, एवढेच ठामपणे म्हणता येते.

त्यांना छत्रीबाहेर काढायचा पहिला प्रयत्न ज्याने केला तो थॉमस कॅव्हरहिल जर्डन. आपल्याकडे पक्षी बघणाऱ्यांना जर्डन माहीत असतो. ‘बर्ड्स ऑफ इंडिया’चे खंड त्याचे, आणि कडप्प्याच्या रानात 1986 मध्ये पुन्हा सापडलेला जर्डनचा धाविक पक्षी त्याच्याच नावाचा. पेशाने तो फौजेतला डॉक्टर. 1836 मध्ये मद्रासला उतरला, पुढच्या वर्षी घोडदळाच्या पलटणीत गेला आणि त्या पलटणीबरोबर जालन्याला आला. जालन्यात त्याने चार वर्षे काढली. मराठवाड्यातला आजचा जालना तेव्हा निजामाच्या मुलखातले छावणीचे गाव होते. नंतर निलगिरी, नेल्लोर, तेल्लिचेरी असा त्याचा प्रवास झाला. दख्खनचे माळ आणि दक्षिणेचा किनारा हे दोन्ही मुलूख त्याच्या पायांखालून गेले होते. क्युव्हिए किंवा गुंथरला हा योग नव्हता.

1853 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याने द्वीपकल्पातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची यादी छापली. त्यानंतर सतरा वर्षांनी, 1870 मध्ये, त्याच सोसायटीच्या कार्यवृत्तात त्याची हिंदी सरपटणाऱ्या प्राण्यांवरची टिपणे आली. ती विसेक पानांची टिपणे कसलाही बडेजाव न करता एकामागून एक प्राणी घेत जातात. त्यांत सिताना डेक्कनेन्सिस हे नाव आहे. दख्खनचा सिताना.

तारखा शेजारी ठेवून बघा. कलकत्त्यातले टिपण 1870 चे, लंडनचा ग्रंथ 1871 चा. डार्विनच्या तळटिपेत मात्र 1864 चे पुस्तक आहे. एका वर्षाच्या अंतराने दख्खनच्या सरड्याचे स्वतंत्र नाव त्या काळच्या सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या ग्रंथांपैकी एकात जायचे राहून गेले. जर्डन पुढच्याच वर्षी, म्हणजे 1872 च्या जूनमध्ये, इंग्लंडात वारला. आपल्या सरड्याची बाजू मांडायला तो उरला नाही.

यानंतरचा कागद सगळ्यांत वजनदार. ब्रिटिश म्युझियमच्या सरड्यांच्या सूचीचा पहिला खंड, 1885. लेखक जॉर्ज आल्बर्ट बूलांजे, जन्माने बेल्जियन. प्रचंड कामाचा माणूस. जगभरातल्या बाटल्या त्याच्या टेबलावर येत आणि तो त्यांना नावाने लावून देई. त्याने सिताना मायनर आणि सिताना डेक्कनेन्सिस ही दोन्ही नावे खोडून पाँटिसेरियानाच्या पोटात घातली. 1890 मध्ये ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरील मालिकेतला खंड त्यानेच लिहिला आणि हा निर्णय हिंदुस्थानातल्या प्रत्येक हौशी अभ्यासकाच्या कपाटात जाऊन बसला.

बूलांजेचे वर्णन निष्काळजी मुळीच नाही. उलट ते इतके प्रामाणिक आहे की त्यानेच आपली अडचण आपल्या हाताने लिहून ठेवली आहे. माथेरानच्या डोंगरावरून आलेल्या दोन नरांचा पंखा फार मोठा, पार पोटाच्या मध्यापर्यंत गेलेला आहे आणि जर्डनने डेक्कनेन्सिस म्हणून वर्णिलेला प्रकार हाच, असे तो नोंदवतो. कुशीच्या खवल्यांबद्दल लिहिताना ते सारखे असतात ‘किंवा’ मधूनमधून मोठे खवले मिसळलेले असतात, असे म्हणतो. लांबी दीड इंच ‘ते’ तीन इंच.

हे ‘किंवा’ आणि ‘ते’ मला फार बोलके वाटतात. जुन्या दप्तरात काम करणाऱ्यांना ठाऊक असते की एकाच माणसाच्या नावापुढे दोन वये, दोन गावे किंवा दोन बायका लागल्या की बहुधा तिथे दोन माणसे असतात. एकाच्या नोंदीत दुसरा मिसळलेला असतो. प्राण्यांच्या वर्णनातही तसेच. पूर्ण वाढलेला एक नर दुसऱ्या पूर्ण वाढलेल्या नराच्या दुप्पट लांब असेल, पंखा एकाचा बगलेशी थांबत असेल आणि दुसऱ्याचा पोटापर्यंत जात असेल, तर ‘किंवा’ लिहून पुढे जाण्याऐवजी थांबायला हवे होते. पण माझे हे बोलणे सोपे आहे, कारण पुढचे कागद माझ्या समोर आहेत. बूलांजेसमोर बाटल्या होत्या, त्यांतल्या कित्येकांवर गावाचे नाव मोघम आणि अंगावरचे रंग गेलेले. शिवाय हंगामाबाहेर पकडलेल्या नराचा पंखा छोटा, मिटलेला. तो लहान जातीचा आहे की मोठ्या जातीचा पण अवेळी पकडलेला, हे कसे ठरवणार? मधले नमुने सापडत गेले की दोन टोके एकच वाटू लागतात. बूलांजेने एकत्र केले ते आळसाने नव्हे, संशयाचा फायदा देऊन.

माल्कम स्मिथने 1935 मध्ये त्याच मालिकेच्या नव्या आवृत्तीत सरड्यांचा खंड लिहिला. हा गृहस्थ सयामच्या राजदरबारी डॉक्टर होता आणि निवृत्तीनंतर लंडनला येऊन सरडे-सापांत रमला. मुंबईच्या आसपासचा मोठा प्रकार त्याच्याही नजरेतून सुटला नाही. तरी जाती त्याने एकच ठेवली. पुढे ऐंशी वर्षे हिंदुस्थानातल्या कुठल्याही माळावर चार बोटांचा सरडा दिसला की पुस्तक उघडून सिताना पाँटिसेरियाना लिहायचे, असा शिरस्ता पडला. विदर्भात तेच, कच्छात तेच, रामेश्वरमला तेच. पुस्तकात एकच नाव असल्यावर नजर तरी काय शोधणार? निळा-तांबडा पंखा दिसला तर हंगाम आहे म्हणायचे, पांढरा दिसला तर हंगाम नाही म्हणायचे.

गंमत अशी की हा ठोकळा फुटायला सुरुवात झाली ती कडेकडेने. 1998 मध्ये नेपाळच्या तराईतून नव्या सिताना जातींचे वर्णन झाले. 2015 च्या सुरुवातीला श्रीलंकेतून आणखी दोन आल्या. क्युव्हिएची पाँडिचेरी आणि जर्डनचे दख्खन यांच्या मधला, सर्वांत जास्त सरडे असलेला मुलूख मात्र अजून नीट तपासायचा राहिला होता.

2016 मध्ये ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टू झूऑलॉजी’ या नियतकालिकात 45 पानांचा एक शोधनिबंध आला. लेखक व्ही. दीपक, वरद गिरी, मोहम्मद आसिफ, सुशील कुमार दत्ता, राजू व्यास, अमोद झांबरे, हर्षल भोसले आणि प्रवीण कारंथ. द्वीपकल्पात हिंडून त्यांनी सरडे त्यांच्या जागेवर, हंगामात, पंखा उघडलेल्या अवस्थेत पाहिले, फोटो काढले, खवले मोजले आणि जनुकांचे क्रम जुळवून वंशवृक्ष मांडला. पंख्यांचे ढोबळ तीन प्रकार दिसले: रंगीबेरंगी, मधला आणि पांढरा. झगझगीत रंगांचा मोठा पंखा मिरवणारे सरडे वृक्षावर बाकीच्यांपासून वेगळ्या फांदीवर बसले. फांदी इतकी वेगळी की नुसती नवी जाती पुरेना, प्रजातीच वेगळी करावी लागली. निबंधाच्या शीर्षकातच हिशोब आहे, एक नवी प्रजाती आणि पाच नव्या जाती. बूलांजेने पोटात घातलेला जर्डनचा डेक्कनेन्सिस नव्या प्रजातीत दाखल झाला. त्याच्या सोबतीला दोन नव्या जाती. एकीचे नाव डार्विनवरून ‘डार्विनी’, दुसरीचे ‘सुपर्बा’. डार्विनच्या पानावर ज्याला स्वतःचे नाव मिळाले नव्हते त्याच्या घराण्यात आता डार्विनचे नाव आहे.

नव्या प्रजातीला नाव दिले सरडा. आपलाच, मराठीतला. याच निबंधातल्या सिताना विसिरी या जातीत तमिळमधला पंख्याचा शब्द आहे, म्हणजे नाव देणाऱ्यांनी ज्या त्या मुलखाची बोली ऐकली होती. संस्कृत कोशांत ‘सरट’ आणि ‘कृकलास’ असे दोन शब्द शेजारी सापडतात. त्यांतल्या सरटाचा आपण सरडा केला आणि 2016 मध्ये तो रोमन लिपीत जाऊन बसला. जाताना एक किंमत मात्र मोजावी लागली. मराठीत ‘तो’ सरडा. लॅटिनच्या व्याकरणात आकारान्त नाम बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण लागले ‘सुपर्बा’, ‘सुपर्बस’ नव्हे. मे महिन्यात अख्ख्या पठारासमोर मिशीला पीळ देत असावा तसा पंखा फडकवणारा हा नर कागदोपत्री ‘ती सरडा’ आहे.

सुपर्बाचे मूळ ठिकाण चाळकेवाडीचे पठार. साताऱ्याहून ठोसेघरच्या वाटेने वर गेले की जांभ्याचा उघडा माळ लागतो आणि त्यावर पवनचक्क्यांच्या रांगा. एका मे महिन्यात सकाळी आठच्या सुमारास मी तिथे एका दगडाशी अर्धा तास बसलो होतो. दगड गुडघ्याएवढाही नव्हता. नर वर चढला, पुढच्या पायांवर छाती उचलली आणि गळा झटक्यात खाली उघडला. उघडण्याआधी तिथे मातकट कातडीची घडी होती. उघडल्यावर दिसला निळ्याचा मोठा पट्टा, मोराच्या मानेवर ऊन पडावे तसा हलणारा, त्याला खेटून काळा आणि मागे नारिंगी-तांबडा. क्षणात मिटला. पुन्हा उघडला. मिटलेल्या वेळी माझ्याजवळच्या दुर्बिणीतून तो आणि पलीकडचा ढेकूळ यांत फरक करणे कठीण होते. क्युव्हिएच्या टेबलावर पोहोचला असेल तो हा ढेकूळ, असे तेव्हा मनात आले.

पण रंगावर विसंबावे तर तिथेही पाय घसरतो. मारिया ठाकेर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी याच पठारावरच्या सुपर्बाचा अभ्यास केला आणि 2018 मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये तो छापून आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. खाणारेच कमी म्हटल्यावर सरडे वाढले. त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक कमी होते आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळेनात. गर्दीमुळे खायला मात्र कमी पडले असावे, कारण अंगाने ते रोडावले होते. आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले होते. म्हणजे एकाच पठारावर, एकाच जातीत, वरून पाती फिरतात की घार फिरते यावर पंख्याचा रंग अवलंबून. बूलांजे बाटलीतल्या फिक्या रंगाला फसला असेल, आपण पवनचक्कीखालच्या फिक्या रंगाला फसू शकतो. म्हणून आजही निर्णय एकट्या रंगावर होत नाही. पंखा धडाच्या लांबीच्या किती टक्के मागे जातो, अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या किती ओळी आहेत, हे मोजले जाते. क्युव्हिएच्या ‘मध्यापर्यंत’चे शेवटी असे टक्के झाले.

या सगळ्या कागदांतून एक प्राणी जवळजवळ गायब आहे. मादी. डार्विनच्या वाक्यात ती आहे ती नकारापुरती: तिला पंखा नाही. तिची पाठ मातकट, पाठीवर त्याच चौकटी, आणि ओळख पटवण्याची जी खूण नर उघड्यावर फडकवतो ती तिच्याकडे नसल्यामुळे दोन जातींच्या माद्या शेजारी ठेवल्या तर लांबून बघणाऱ्याचे काहीच चालत नाही. ठिकाण माहीत असेल, आजूबाजूला पंखा उघडणारा नर दिसला असेल, तर अंदाज करता येतो. नाहीतर भिंगाखाली खवले मोजायचे किंवा जनुके तपासायची.

त्या सकाळी नर निघून गेल्यावर दगडाच्या सावलीतून एक मादी बाहेर आली. पोट भरलेले, बहुधा अंड्यांवर आलेली. मुंग्यांच्या रांगेशी थांबली, दोन-तीन टिपल्या, मान वाकडी करून माझ्याकडे बघितले. मागचा पाय सपाट दगडावर पसरलेला होता, तेवढ्यात मी बोटे मोजून घेतली. चार. वहीत लिहिले: चाळकेवाडी, सकाळी साडेआठ, मादी, मागच्या पायाला चार बोटे. जातीच्या रकान्यात ‘सुपर्बा’ लिहायला पेन टेकवले. नराच्या भरवशावरच लिहीत होतो. मग त्यापुढे कंसात एक प्रश्नचिन्ह घातले.